पडद्यातला कट्टा: आभासी जगात बैठक कशी भरते

आमच्या विज्ञान शिक्षकांच्या गटात अठरा जण आहेत. एक मॅडम विरारच्या, दोघी पनवेलच्या, चौघं डोंबिवली-कल्याणकडचे, बाकीचे परळपासून मुलुंडपर्यंत पसरलेले. महिन्यातल्या एका रविवारी दादरला एका शाळेच्या वर्गात आम्ही जमायचो. पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक. हार्बरवर ब्लॉक असला की पनवेलच्या दोघी येऊ शकायच्या नाहीत, मध्य रेल्वेवर असला की डोंबिवलीकर अडकायचे. विरारच्या मॅडमचे दोन तासांच्या बैठकीसाठी साडेतीन तास प्रवासात जायचे. पावसाळ्यात तर आकाशाकडे बघूनच तारीख ठरायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्यातल्या दोघांनी ती रात्र शाळेच्या बाकांवर काढली होती. त्यानंतर जुलैची बैठक ठरवताना कोणी ना कोणी ती आठवण काढतंच.

२०२० मध्ये सगळं व्हिडिओ कॉलवर गेलं. हजेरी वाढली, प्रवास वाचला. पण काहीतरी आटलं. काय आटलं ते कळायला मला वेळ लागला. दादरला बैठक संपल्यावर जिन्यात दोघं-तिघं थांबायचे, खाली चहाच्या टपरीवर आणखी चौघं. ‘तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक किती चालू आहेत हो?’ हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही, चहाच्या ग्लासाशी विचारतो. आमचं अर्धं काम तिथे व्हायचं. व्हिडिओ कॉलमध्ये एक जण बोलतो आणि सतरा जण ऐकतात. दोघांना हळूच बाजूला होऊन बोलायची सोयच नाही, कारण तिथे ‘बाजू’ नावाचा प्रकारच नाही. बटण दाबलं की सगळे गायब.

आभासी जग म्हणतात ते नेमकं इथे कामाला येतं. हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर तोंडावर पेटी बांधलेला माणूस येतो. ती पेटी, म्हणजे हेडसेट, त्यातली मुख्य गोष्ट नव्हेच. मुख्य गोष्ट आहे जागा. संगणकाने रेखाटलेली, पण सगळ्यांसाठी एकच असलेली जागा. तुम्ही तिथे नसतानाही ती तशीच असते. काल भिंतीवर लावलेला तक्ता आज तिथेच सापडतो. त्या जागेत प्रत्येकाची एक आकृती असते, ती चालते, वळते, कोणाच्या जवळ जाते, कोणापासून लांब होते. हे जग साध्या लॅपटॉपच्या पडद्यावरही दिसतं. काही जगं तर वरून पाहिलेल्या नकाशासारखी सपाट असतात, जुन्या व्हिडिओ गेमसारखी, आणि ब्राउझरमध्येच उघडतात. गॅदर नावाचं २०२० मध्ये आलेलं जग याच जातीचं.

त्या आकृतीला जगभर ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच. १९८६ च्या सुमारास लुकासफिल्म या अमेरिकी चित्रपट कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘हॅबिटॅट’ नावाचं अनेकांनी एकत्र वावरायचं जग तयार केलं, त्यात पडद्यावरच्या आकृतीला हा शब्द वापरला आणि तो रुळला. कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. दशावतारात गावातलाच माणूस रंग चढवून रात्रभर संकासुर होतो, पहाटे रंग पुसून कामाला लागतो. आत माणूस तोच, फक्त वावरायला दुसरं रूप. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते २३ ऑगस्ट २०२० ला. आयआयटी मुंबईचा पदवीदान समारंभ लॉकडाउनमुळे पवईत भरवता येत नव्हता, तेव्हा संस्थेने आभासी सभागृहात तो केला. प्रत्येक विद्यार्थ्याचा अवतार मंचावर येऊन संचालकांच्या अवताराकडून पदवी घेत होता. मुलं आपापल्या घरी आईवडिलांबरोबर बसून स्वतःला मंचावर जाताना बघत होती. नुसती नावांची यादी वाचून दाखवली असती तरी पदवी मिळालीच असती. पण मंचावर ‘जाणं’ ही गोष्ट माणसाला हवी असते, आणि ती तिथे जपली गेली.

आता हे चालतं कसं ते बघू. पूर्वी लोक पत्राने बुद्धिबळ खेळायचे. एक जण पुण्यात, दुसरा नागपुरात. दोघांच्या घरी पट मांडलेला, आणि पोस्टकार्डावर फक्त चाल लिहून जायची: घोडा अमुक घरात. पट कोणी पोस्टाने पाठवत नव्हतं. आभासी जग असंच चालतं. भिंती, खुर्च्या, लिहायचे फळे हा सगळा पट आत शिरताना एकदा तुमच्या संगणकावर उतरतो. म्हणूनच सुरुवातीला सगळं राखाडी दिसतं आणि मग एकेका वस्तूवर रंग चढतो. त्यानंतर सेकंदाला अनेक वेळा जे ये-जा करतं ते फक्त चालींइतकं असतं: मी कुठे उभी आहे, कुठे तोंड आहे, हात हलतोय का. चित्र काढण्याचं काम तुमचाच संगणक करतो. व्हिडिओ कॉलमध्ये याच्या उलट, प्रत्येकाचं हलतं चित्र सतत पाठवावं लागतं.

याचे दोन परिणाम. एक, पट एकदा उतरला की इंटरनेट थोडं मंद असूनही काम चालतं. फार तर कोणाचा अवतार क्षणभर गोठतो आणि एकदम दोन पावलं पुढे उगवतो. दुसरं, जुना लॅपटॉप मात्र दमतो, पंखा घरघरायला लागतो. आणि गर्दीला मर्यादा असते. आम्ही अठरा जण, म्हणजे प्रत्येकाची हालचाल बाकी सतरा जणांना कळवायची: १८ गुणिले १७, म्हणजे ३०६ निरोप, तेही दर क्षणाला. शंभर माणसं आली की हाच आकडा ९,९०० होतो. माणसं साडेपाच पट, निरोप बत्तीस पट. हजारोंची सभा एका खोलीत का भरत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे. मोठ्या सभेसाठी थेट प्रक्षेपणच बरं.

पण खरी जादू आवाजात आहे, हे मी आमच्या पहिल्याच बैठकीत अनुभवलं. आम्ही ब्राउझरमधलं एक सपाट जग घेतलं होतं. एक मोठी खोली, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यात एक कट्टा. इयत्ता आठवीच्या प्रयोगांवर बोलणं चाललं होतं. तेवढ्यात डोंबिवलीच्या मॅडमच्या घरी कुकरची शिट्टी झाली. मला जोरात ऐकू आली, कारण माझा अवतार त्यांच्या शेजारीच होता. मधल्या रांगेतल्या सरांना हलकीशी ऐकू आली. फळ्याजवळ बोलणाऱ्या सरांना आलीच नाही, ते बोलतच राहिले. व्हिडिओ कॉलवर हीच शिट्टी अठरा घरांत घुमली असती आणि ‘अहो, कोणीतरी म्यूट करा’ म्हणून बैठक थांबली असती. इथे ती खऱ्या वर्गात पसरावी तशी पसरली, जवळ मोठी आणि लांब नाहीशी. संगणक करतो एवढंच, की दोन अवतारांमधलं अंतर मोजतो आणि त्या मानाने आवाज कमी करतो. त्या दिवशी चर्चा संपल्यावर दोन मॅडम आपोआप व्हरांड्यात सरकल्या. आम्हाला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्या तिथे बोलतायत हे दिसत होतं. दादरचा जिना परत मिळाला, असं मला वाटलं.

त्रिमिती जगात आवाजाला अंतराबरोबर दिशाही मिळते. आपल्या डाव्या बाजूने आवाज आला तर तो उजव्या कानाला जास्तीत जास्त सात दशांश मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, थोडा मंदही होतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. संगणक हाच फरक इअरफोनच्या दोन बाजूंत मुद्दाम घालतो. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर जण बोलत असताना आपण एकाचंच बोलणं वेगळं काढून ऐकू शकतो. कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने १९५३ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि आवाज कुठल्या बाजूने येतो याचा त्यात मोठा हात असतो. म्हणून माझी पहिली सूचना नेहमी एकच असते: इअरफोन दोन्ही कानांत घाला. आपल्याकडे घरात लक्ष राहावं म्हणून एकच कान बंद करायची सवय आहे. तसं केलं की दिशा गेली आणि निम्मा उपयोग गेला.

थकव्याचंही तसंच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या शिणवट्याची चार कारणं मांडली. सगळे चेहरे सतत अगदी जवळून आपल्याकडे रोखून बघतात. आपलाच चेहरा तासन्‌तास समोर दिसतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत खिळून बसावं लागतं. आणि मान डोलावणं, नजर वळवणं या सहज खुणा मुद्दाम कराव्या आणि मुद्दाम वाचाव्या लागतात. अवतारांच्या बैठकीत यातली पहिली तीन बरीच सुटतात. चौथं सुटत नाही, उलट वाढतं, कारण अवताराच्या तोंडावरची रेष हलत नाही. म्हणून मी स्पष्ट सांगते: कोणाची कानउघाडणी करायची असेल, कोणाच्या घरी दुःख झालं असेल, तर अवतार घेऊन जाऊ नका. फोन करा, नाहीतर घरी जा.

रूपाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. निक यी आणि बेलेन्सन यांनी २००७ मध्ये काही लोकांना उंच अवतार दिले, काहींना बुटके, आणि पैशाच्या वाटणीची घासाघीस करायला लावली. उंच अवतारवाले जास्त ताठ राहिले. म्हणून आमच्याकडे सगळ्यांचे अवतार एकाच उंचीचे. वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेले एक सर दादरच्या वर्गात शेवटच्या बाकावरून कधी बोलले नव्हते. इथे ते पहिल्याच महिन्यात फळ्याजवळ उभे राहिले.

कंपन्यांनी हे फार आधी करून पाहिलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ मध्ये सेकंड लाइफ हे जग खुलं केलं. २००८ मध्ये आयबीएमने तिथे आपल्या तंत्रज्ञांची परिषद भरवली, दोनशेहून अधिक जण आले. ईएक्सपी रिअल्टी ही अमेरिकेतली घरविक्रीची कंपनी तर आपलं रोजचं कार्यालयच आभासी आवारात चालवत आली आहे, आणि २०१८ मध्ये तिने ते आवार बनवणारी कंपनीच विकत घेतली.

हेडसेटबद्दल थोडक्यात. तो बांधला की मान वळवाल तसं जग वळतं आणि आपण खरंच तिथे आहोत असं वाटतं. पण डोळे सांगतात ‘चाललोय’ आणि कानाच्या आतला तोलाचा अवयव सांगतो ‘बसलोय’. एसटीने घाट चढताना पुस्तक वाचलं की मळमळतं ना, हे त्याच्या उलट बाजूने तसंच. वीस मिनिटांपेक्षा जास्त मी घालत नाही आणि दुसऱ्यालाही आग्रह करत नाही.

शिकण्याच्या बाबतीत तर हेडसेटची घाई नकोच. मकरान्स्की, टेर्किल्डसेन आणि मेयर या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठातल्या ५२ विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा तोच आभासी प्रयोग साध्या पडद्यावर आणि हेडसेटमधून दिला. हेडसेटमध्ये ‘आपण तिथे आहोत’ ही भावना जास्त होती, आणि शिकणं मात्र कमी झालं. मेंदूवरचा भार वाढला होता. बघण्यातच जीव गुंतला की समजून घ्यायला उरत नाही. मग आभासी जगात काय शिकवावं? माझ्यापुरतं उत्तर आहे: जिथे जागा, अंतर किंवा आकार हाच धडा आहे ते. आणि जिथे चूक करून बघणं खऱ्या वर्गात धोक्याचं आहे ते. आम्लात पाणी कधी ओतू नका हे आपण मुलांना सांगतो, पण ओतल्यावर काय होतं ते दाखवू शकत नाही. तिथे दाखवता येतं.

आमचा सूर्यमालेचा धडा सांगते. पुस्तकात आठही ग्रह एका पानात बसवलेले असतात, बोटभर अंतरावर. ते चित्र मुलांच्या डोक्यातून पुढे आयुष्यभर जात नाही. माझ्या भाच्याने त्याच्या संगणकावर ओपनसिम्युलेटर हे मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलं. यात जमिनीचा मूळ तुकडा २५६ मीटर लांब-रुंद असतो. एका कोपऱ्यात आम्ही सूर्य ठेवला, एक मीटर व्यासाचा पिवळा गोळा. त्या मापाने बुध साधारण ४२ मीटरवर येतो, शुक्र ७८ वर. आणि पृथ्वी १०७ मीटरवर, आकार नऊ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी. आम्ही सूर्यापासून चालायला लागलो. मुलुंडचे सर बोलत बोलत पृथ्वी ओलांडून पुढे गेले, त्यांना दिसलीच नाही. परत फिरून सगळे त्या निळ्या मण्याभोवती उभे राहिले आणि मागे वळून सूर्याकडे बघितलं. कोणी काही बोलेना. मग पनवेलच्या मॅडम म्हणाल्या, “बाई, वीस वर्षं शिकवतेय, पण एवढी पोकळी आहे हे आज कळलं.”

मंगळ १६४ मीटरवर सापडला. पण गुरू हवा ५५९ मीटरवर, आणि आमची जमीन कडेला संपली होती. तिथे कडेवर उभं राहून झालेली चर्चा त्या दिवसातली सगळ्यात चांगली. खऱ्या जगात सूर्य शिवाजी पार्कात ठेवला तर नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर कुठेतरी येईल. मग कोणीतरी विचारलं, ‘आणि शेजारचा तारा?’ हिशोब केला तर उत्तर आलं सुमारे २९ हजार किलोमीटर. पृथ्वीच्या परिघाचा जवळजवळ पाऊण भाग. एवढं गणित अठरा शिक्षकांनी रविवारी दुपारी आपणहून केलं, कारण पाय चालून आले होते, निदान मन तरी.

त्याच दिवशी एक गोष्ट मला लागली. अठरापैकी पाच जणांकडे फक्त मोबाइल होता. ओपनसिम्युलेटरच्या जगात शिरायला लॅपटॉपवर फायरस्टॉर्मसारखा वेगळा प्रोग्राम लागतो, तो मोबाइलवर चालत नाही. ते पाच जण आमच्या पडद्याचं चित्र व्हिडिओ कॉलवर बघत बसले. म्हणजे चालणारे तेरा आणि बघणारे पाच. गटाच्या कामात अशी दोन पंगतींची व्यवस्था मला मान्य नाही. कोणतंही आभासी जग निवडताना पहिला प्रश्न हाच हवा: आपल्यातल्या सगळ्यात साध्या फोनवर हे उघडतं का? दृष्टी नसलेल्या सहकाऱ्याला तर यातली बरीचशी जगं अजून बंदच आहेत. तिथे साधी फोनवरची बैठक कितीतरी सरस.

दुसरी अडचण मुंबईकराला लगेच कळेल: जागा भाड्याची असते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की सामान बांधायचं. अल्टस्पेसव्हीआर हे आभासी जग १० मार्च २०२३ ला बंद झालं, मोझिलाने हब्ज ही अशीच सेवा ३१ मे २०२४ ला थांबवली. सेकंड लाइफने २०११ मध्ये शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्म्या दराची सवलत काढून घेतली, तेव्हा अनेक प्राध्यापक आपली बांधकामं सोडून ओपनसिम्युलेटरकडे गेले. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण गेलेले सगळे परतले नाहीत. म्हणून आपण उभारलेली खोली फाइल करून घरी नेता येते का, हे आधी बघावं. आमची सूर्यमाला आता एका पेनड्राइव्हमध्ये आहे.

तिसरी खाजगीपणाची. आपण लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखतो. संगणकालाही ते जमतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हेडसेट वापरणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली तपासल्या. शंभर सेकंदांच्या हालचालीवरून माणूस ९४ टक्के वेळा बिनचूक ओळखता आला. नाव बदलून, रूप बदलून भागत नाही. मुलांना हेडसेट द्यायचा विचार करणाऱ्या शाळांनी हे पालकांना आधी सांगायलाच हवं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांच्या संमतीची अट आहे.

कोणाला सुरुवात करायची असेल तर आमच्या अनुभवावरून सांगते. सपाट, ब्राउझरमधल्या जगापासून करा. पहिल्या दिवशी विषयपत्रिका ठेवू नका, नुसतं फिरू द्या. दारात एक माणूस हवा, येणाऱ्याला ‘या सर, माइक इथे आहे’ म्हणणारा. खोली लहान ठेवा. मोठ्या सभागृहात वीस अवतार हरवल्यासारखे दिसतात. बैठकीची वेळ चारची असेल तर जागा साडेतीनला उघडा आणि साडेसहापर्यंत बंद करू नका. आधीचा अर्धा तास आणि नंतरचा तासभर हाच तर आपण मिळवायला आलोय. आणि नुसती माहिती वाचून दाखवायची असेल, तर हा खटाटोप करूच नका, ईमेल पाठवा.

आता आमचं असं ठरलंय: दोन बैठका ब्राउझरमधल्या खोलीत, जिथे मोबाइलवाले पाचही जण येऊ शकतात, आणि तिसरी दादरला. पुढची तिसरी बैठक आम्ही शिवाजी पार्कात घेणार आहोत. विरारच्या मॅडम एक मीटरचा पिवळा फुगा आणतायत, माझ्याकडे निळा मणी आहे, आणि १०७ मीटर मोजायला कल्याणच्या सरांनी शाळेची टेप मागून घेतली आहे. त्या रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे, ते आदल्या दिवशी कळेल.